बिडात मुरलेलं तेल

जोतिबा मधाळे हुबळीजवळच्या तारिहाळच्या ज्या कारखान्यात रंगारी होता, तिथे शेतीचे पंप आणि डिझेल इंजिनं बनत. रंगखात्यात येण्यापूर्वी आठ वर्षं त्याने तिथेच ओतकाम घासलं होतं. साच्यातून निघालेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खडबडीत तुकड्यांना ग्राइंडर लावायचा, कानस मारायची आणि अंगभर काळी भुकटी घेऊन घरी जायचं. त्यामुळे बिडाचा स्वभाव त्याला आतून ठाऊक होता आणि रंगाचा बाहेरून. दोन्ही विद्या एका हातात असलेला माणूस कारखान्यात दुसरा नव्हता. हे त्याला कोणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यानेही तशी आशा धरली नाही.

त्याचा बाप निपाणीकडून कलघटगीला आला आणि तिथल्या भाताच्या गिरणीत हमाली करू लागला. गिरणीत दोन मोठ्या चाकांचं एक आडवं ऑइल इंजिन होतं. जोतिबा लहानपणी बापाची भाकरी घेऊन जायचा, तेव्हा त्याला आत पाऊल टाकू देत नसत. तो दाराबाहेर उभा राहून ते इंजिन बघायचा. संथ फिरणारी चाकं, वर चकाकणारी पितळेची तेलवाटी, हिरव्यागार अंगावरच्या पिवळ्या रेघा. पुढे गिरणीत वीज आली, इंजिन भंगारात गेलं, बापही गेला. जोतिबाच्या डोळ्यांपुढून मात्र ते हललं नाही. कोणता नट कुठे होता, हेसुद्धा त्याला सांगता आलं असतं.

१९९२ साली त्याने ते घडवायला घेतलं. लांबी दीड वीत, पण बाकी हुबेहूब. ओतकामात नापास झालेले तुकडे कारखान्याच्या मागे ढिगाने पडलेले असत. त्यांतले चार तुकडे त्याने सबनीससाहेबांना विचारून घेतले. बाळकृष्ण सबनीस हे तिथले इंजिनियर, राहणारे धारवाडचे. कारखान्यात मराठी बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे साहेब जाता येता जोतिबाशी दोन शब्द मराठीत बोलत, आणि जोतिबाला त्याचं फार अप्रूप. "ने रे, भंगारच आहे ते," असं साहेब म्हणाले, आणि जोतिबाने तुकडे पिशवीत घालून नेले.

लेथवरचं काम त्याला येत नव्हतं. ते गणपत लेथवाल्याने करून दिलं, जेवणाच्या सुट्टीत, दोन वर्षं थोडं थोडं करून. बाकी सगळं जोतिबाने घरी केलं. हुबळीत रेल्वेलाइनच्या पलीकडे त्याच्या दोन खोल्या होत्या. अंगणात फळीवर बसून तो कानस चालवायचा. आधी जाड कानस, मग बारीक, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. चाकांच्या कडा त्याने अशा घासल्या की त्यांत अंगणातल्या दोरीवरचे कपडे दिसायचे. त्याची बायको नागुबाई अंगणवाडीत मदतनीस होती. ती चिंच आणि राखेने तेलवाटी घासून द्यायची आणि म्हणायची, "माज्या लग्नातल्या भांड्यास्नी एवढं कवा घासलं न्हाई."

१९९५च्या उन्हाळ्यात इंजिन तयार झालं. जोतिबाने ते कारखान्यात नेलं आणि कॉम्प्रेसरची नळी लावून हवेवर चालवलं. चाकं फिरायला लागली तशी सगळं खातं जेवण टाकून भोवती जमलं. सबनीस आले, त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

"जोतिबा, बंगळूरला औद्योगिक प्रदर्शन भरतंय. आपल्या स्टॉलवर ठेवू हे. पंधरा दिवसांत परत आणून देतो."

 जोतिबाने स्वतःच्या हाताने खोकं बांधलं, चहूबाजूंनी भुसा भरला.

पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर एका कन्नड पेपरचं कात्रण लागलं. फोटोत सबनीस, त्यांच्या हातात इंजिन. गणपतने मोठ्याने वाचून दाखवलं: हुबळीच्या इंजिनियरने फावल्या वेळात स्वतःच्या हातांनी घडवलेलं अप्रतिम मॉडेल. इंजिन परत आलं, पण जोतिबाच्या घरी नाही. पुढच्या ऑफिसात काचेची पेटी आली, तिच्यात ते बसलं, आणि खाली पितळी पाटी लागली. पाटीवर नाव बी. एस. सबनीस. सहा महिन्यांत साहेब वर्क्स मॅनेजर झाले.

पाटी लागली त्या आठवड्याच्या रविवारी जोतिबा धारवाडला माळमड्डीत त्यांच्या घरी गेला होता. सबनीस कुंड्यांना पाणी घालत होते. पाइप हातात तसाच धरून ते फाटकापर्यंत आले, पण फाटक उघडलं नाही.

"साहेब, पाटीवर माझं नाव न्हाई."

"अरे, फॉर्मवर इंजिनियरचंच नाव लागतं. रंगाऱ्याच्या नावावर कोण स्टॉल देणार?"

"ते फॉर्मचं झालं. पाटी तर आपल्याच ऑफिसात हाय."

सबनीसांनी पाण्याची धार दुसऱ्या कुंडीकडे वळवली. "हे बघ. लोखंड कारखान्याचं. लेथ कारखान्याची. हवासुद्धा कारखान्याच्या कॉम्प्रेसरची. तुझं त्यात काय? रंग. तो काय, कोणीही देतो."

"लोखंड तुमालाच इचारून नेलं होतं साहेब."

"मला? लेखी आहे काही?" आवाज अगदी शांत होता. "नसेल तर त्याला चोरी म्हणतात. मी आजवर कोणाकडे बोललेलो नाही. तूही बोलू नकोस. नोकरी सांभाळ."

जोतिबा परत आला तो थेट चुलीपाशी बसला. त्याने सगळं सांगितलं. नागुबाईने भाकरी थापायची थांबवली नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "भांडू नका. नोकरी जाईल. पर इसरू बी नका. तुमी इसरलासा तर मी आठवण करून देईन."

आणि तिने शब्द पाळला. सणासुदीला पाहुणे आले, हसणं-खिदळणं चाललं, की ती मधेच त्याच्याकडे बघायची. जोतिबा समजायचा. कामावर तर आठवण करून द्यायला कोणी लागतच नव्हतं. रोज सकाळी हजेरी लावायला त्या काचेच्या पेटीसमोरूनच जावं लागे. पाहुणे आले की सबनीस पेटीला हात लावून सांगत, "चार वर्षं लागली हो." जोतिबा पलीकडून पंपांची ट्रॉली ढकलत जाताना हे ऐकायचा. कधी त्याला वाटायचं, पान्याने काच फोडावी. कधी वाटायचं, साहेबांच्या स्कूटरच्या पेट्रोलच्या टाकीत साखर ओतावी. पण असल्या गोष्टींनी पाटीवरचं नाव थोडंच पुसलं जाणार होतं? त्याला काहीतरी असं हवं होतं, की ज्यात साहेब स्वतःच्याच बोलण्याने अडकतील. ते काय, हे मात्र त्याला तीन वर्षं सुचलं नाही.

१९९८च्या डिसेंबरात कारखान्याला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. मालक चन्नबसप्पा कोटगी, त्यांना सगळे यजमान म्हणत. यजमानांनी ठरवलं, की समारंभात ते इंजिन स्टेजवर ठेवून सगळ्यांसमोर चालवायचं. पण प्रवासात त्याला ओरखडे पडले होते आणि काचेतून येणाऱ्या उन्हाने रंग विटला होता.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी सबनीसांची स्कूटर जोतिबाच्या गल्लीत आली. पहिल्यांदाच. पायाशी चादरीत गुंडाळलेलं इंजिन. साहेब घरात आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"नव्यासारखं करून दे. पंधरा दिवस आहेत. आणि कारखान्यात आणू नकोस. मी स्वतःच घरी करतोय असं यजमानांना सांगितलंय."

"व्हय साहेब."

"तुझ्याशिवाय कोणाला देणार, जोतिबा?" साहेब हसले.

"ठेवा साहेब," जोतिबा म्हणाला.

स्कूटर गेली. त्याने चादर सोडली, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर इंजिन ठेवलं आणि नुसता बघत बसला. मग एक चाक बोटाने फिरवलं. तीन वर्षांत कोणी तेलाचा थेंब घातला नव्हता, तरी ते फिरलं. ते फिरताना बघत असतानाच त्याला वाट सापडली. साहेबांनी स्वतःच तोंडाने सांगून ठेवलं होतं, की रंग ते देणार. म्हणजे तो रंग उद्या बिघडला, तर बिघडवला कोणी? नाव घ्यायला साहेबांकडे दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

आणि रंग कसा बिघडवायचा, हे जोतिबाइतकं कोणाला ठाऊक? पूर्वी एकदा पंपांची एक अख्खी खेप शेतकऱ्यांकडून परत आली होती, रंगाचे पोपडे धरून. कारण शोधून काढलं होतं ते जोतिबानेच. बीड दिसायला घट्ट, पण त्याच्या पोटात बारीक छिद्रं असतात. गरम तेलात पडलं की ते तेल पिऊन बसतं. वरून पुसलं की कोरडं ठणठणीत. पण ऊन लागलं की आतलं तेल हळूहळू वर येतं, माणसाला घाम यावा तसं. मग वरचा रंग धरणार कशाला?

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. इंजिन सुटं केलं, जुना रंग खरवडून काढला. बीड उघडं पडलं तसे त्याला स्वतःचेच जुने कानशीचे घाव दिसायला लागले. तळाशी एका कोपऱ्यात कानस घसरलेली, ती खोच त्याने पुट्टीने भरली होती, तीही दिसली. त्याचा हात अडला. हे आपल्याच हाताने नासवायचं?  मग त्याला कुंडीकडे वळलेली पाण्याची धार आठवली. त्याने उठून अंगणात स्टोव्ह पेटवला, पत्र्याच्या डब्यात मशीनचं तेल ओतलं आणि बिडाचे तुकडे एकेक करून आत सोडले.

दुपारी नागुबाई अंगणवाडीतून आली. अंगणात धूर.

"हे काय तळायलासा?"

जोतिबाने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पदर तोंडाशी धरून एवढी हसली, की शेजारची बाई डोकावून गेली. हसणं सरल्यावर ती वाकली, स्टोव्हला चार पंप मारले आणि ज्योत मोठी केली.

"मुरू द्या नीट," ती म्हणाली.

दोन दिवस तुकडे तेलात राहिले. मग त्याने ते थिनरने धुतले, पुसले, तांबडा प्रायमर दिला, पुट्टी भरली, पाण्यातल्या पेपरने घासली. आणि वरचा रंग असा दिला, की तसा त्याने आयुष्यात कधी दिला नव्हता. तीन हात हिरवा, एकेक हात वाळवून, घासून. रेघा ओढायला खारीच्या केसांचा ब्रश त्याने स्वतः बांधला. पिवळी रेघ एका दमात ओढायची असते, मध्ये श्वास घेतला की ती जाडावते. चाकाच्या आऱ्यांवर तांबडी रेघ, तिच्या आत पिवळी. चाकांच्या कडा कापडी बफने चमकवल्या. तेलवाटी नागुबाईने घासली, पहिल्यासारखीच. फरक एवढाच की या खेपेला ती गुणगुणत होती.

पंधराव्या दिवशी साहेब न्यायला आले आणि त्यांनी चादर बाजूला केली. "वा," एवढंच ते म्हणाले.

समारंभात मांडवभर माणसं होती. इंजिन चाललं, टाळ्या पडल्या. यजमानांनी सबनीसांच्या गळ्यात हार घातला आणि माइक त्यांच्या हातात दिला. साहेबांनी कन्नडमधून सांगितलं, की पहिल्या कानशीपासून रंगाच्या शेवटच्या रेघेपर्यंत सगळं माझ्या हातचं आहे. शेवटच्या रांगेत जोतिबाने टाळ्या वाजवल्या, शेजारच्यांपेक्षा थोड्या जास्तच. गणपत त्याच्याकडे टकमका बघत राहिला.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत शिवरात्र झाली. रंग कसा होता तसाच. जोतिबा रोज पेटीसमोरून जाताना चाल मंद करायचा, एक नजर टाकायचा आणि खट्टू होऊन पुढे जायचा. आपण काम जरा जास्तच चांगलं केलं की काय, अशी त्याला शंका यायला लागली. घरी नागुबाई विचारायची, "आलं का?" तो मान हलवायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेचं ऊन पेटीवर तिरपं पडायला लागलं, आणि सिलिंडरच्या पाठीवर वाटाण्याएवढा एक फोड आला. जोतिबाने तो पाहिला आणि हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना त्याची सही वाकडी गेली. त्या दिवशी घरी जाताना त्याने पावशेर मिरची भजी नेली. नागुबाईने पुडा बघितला आणि काही विचारलंच नाही.

आठवड्यात फोडांची रांग झाली. सबनीस रंगखात्यात आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"काय केलंस तू त्याला?"

"मी कुठं काय केलं साहेब? शेवटची रेघसुद्धा तुमच्या हातची."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "जोतिबा, रात्रीत दुरुस्त करून दे. तुला बढती देऊन चार्जहँड करायचं माझ्या मनात आहेच."

"कारखान्याचं काम सांगा, करतो. ते तुमच्या घरचं काम."

मग साहेबांनी स्वतः ब्रश हातात घेतला. फोड फोडले, वर रंग थापला. ओघळ आले, पिवळ्या रेघा हिरव्यात बुडाल्या, आणि रंगाचा एक थेंब आत सांध्यात जाऊन वाळला. पेटीवर त्यांनी कापड टाकलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, उन्हापासून जपतोय.

मे महिन्यात कोइमतूरचे व्यापारी आले. यजमान त्यांना घेऊन पेटीपाशी आले आणि त्यांनीच कापड ओढलं. दोन्ही हातांनी इंजिन उचललं आणि परत ठेवलं, तेव्हा हिरव्या रंगाची अख्खी साल त्यांच्या तळहाताला चिकटून आली होती. "एनिदु सबनीस?" यजमानांनी हात पुढे करून विचारलं. हे काय आहे? सबनीस हवामानाबद्दल काहीतरी बोलले. यजमान म्हणाले, रंग राहू दे, चालवून दाखवा. नळी आणली, हवा सोडली. चाक हललं नाही. सबनीसांनी पाना घेतला, पण कोणता नट सोडायचा हे त्यांना समजेना. ते एक घट्ट करत, दुसरा ढिला करत. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले. ज्या माणसाने चार वर्षं घालवून हे केलं, त्याला याचा एक नट ओळखता येत नाही, हे यजमानांच्या ध्यानात यायला तेवढा वेळ पुरेसा होता. त्यांनी पाहुण्यांना फाटकापर्यंत पोहोचवलं. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाले, "हे माझ्या डोळ्यांसमोरून घालवा. भट्टीत टाका."

गणपत धावत रंगखात्यात आला. "जोत्या, तुझं इंजिन भट्टीवर चाललंय!"

जोतिबाच्या हातातली रंगाची स्प्रे गन खाली पडली. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. साहेबांची फजिती त्याने शंभर वेळा डोळ्यांपुढे आणली होती, पण इंजिन वितळलेलं एकदाही आणलं नव्हतं. तोंड बंद ठेवलं तर सूड पुरा होत होता आणि इंजिन जात होतं. बोललं तर रंग कोणी नासवला, तेही बाहेर येणार होतं. तो पळत भट्टीकडे निघाला. यजमान तिथेच उभे होते, सबनीसही.

"यजमान, ते माझं हाय," जोतिबा कन्नडमधून म्हणाला. "मी केलंय. चाकं गणपतने लेथवर कातून दिली, बाकी सगळं मी."

"खोटं बोलतोय," सबनीस म्हणाले.

 जोतिबाने हमालाच्या हातगाडीवरून इंजिन उचललं, जमिनीवर ठेवलं, खिशातल्या लहान पान्याने एकच नट सोडला, सांध्यात वाळलेला रंग नखाने काढला आणि भट्टीजवळच्या कॉम्प्रेसरच्या नळीची हवा सोडून चाकाला बोट लावलं. चाक फिरलं. भट्टीवरची माणसं काम थांबवून बघत होती. यजमानांनी गणपतकडे पाहिलं. गणपतने मान खाली घातली आणि मग हलवली. "हौद्री. हा म्हणतो ते खरं आहे."

यजमानांनी सोललेल्या सिलिंडरकडे बोट केलं. "आणि हा रंग?"

"तोही मीच दिला."

"असा?"

"असाच. मुद्दाम." आणि जोतिबाने तेलाची सगळी गोष्ट सांगितली, स्टोव्हसकट. सांगताना त्याला लाज वाटली नाही. उलट सबनीसांच्या तोंडाकडे बघत तो एकेक वाक्य सावकाश बोलला.

यजमान म्हणाले, "ह्यांनी तोंडाने खोटेपणा केला, तू हाताने. तोंड सांभाळता येतं. पण उद्या माझ्या हजार पंपांच्या पोटात तू काय मुरवशील, ते मला सहा महिन्यांनी कळणार. इंजिन घेऊन जा. उद्यापासून येऊ नको."

सबनीसांची मॅनेजरकी गेली, त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. नोकरी मात्र राहिली. जोतिबाची गेली. पितळी पाटी त्याच दिवशी निघाली, तिच्या जागी चार भोकं राहिली. जोतिबा इंजिन पोत्यात घालून घरी आला. नागुबाईने पोतं बघितलं, त्याचं तोंड बघितलं.

"नोकरी?"

"गेली."

"आणि त्यो?"

"समद्यांच्या देखत."

"मग बसा. च्या करते," ती म्हणाली. चहात साखर जास्त पडली होती, पण दोघांनीही तो संपवला.

जुन्या हुबळीत एका गॅरेजच्या कडेला जोतिबाने पत्र्याची शेड घातली आणि रिक्षा, टेम्पो, स्कूटर रंगवायला लागला. सुरुवातीची दोन वर्षं ओढाताणीची गेली. नागुबाईच्या अंगणवाडीवर घर चाललं. पुढे हाताचा बोलबाला झाला आणि गाड्या रांगेत उभ्या राहायला लागल्या. पण घरच्या इंजिनाने मात्र त्याला घाम फोडला. त्याने ते सोड्याच्या पाण्यात उकळलं, पुसलं, रंगवलं. पुढच्या उन्हाळ्यात फोड. पुन्हा खरवडलं, पुन्हा रंगवलं, पुन्हा फोड. "मुरू द्या नीट म्हणालीस," असं तो चिडून नागुबाईला म्हणायचा. तेल दोन दिवसांत आत गेलं होतं, बाहेर यायला चार वर्षं लागली. शेवटी एका पावाच्या बेकरीवाल्याला गळ घालून त्याने ते तुकडे बेकरीच्या भट्टीत आठ दिवस ठेवले, रोज काढून पुसले. २००३च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा रंग टिकला.

२००५च्या पावसाळ्यानंतर शेडसमोर एक जुनी स्कूटर थांबली. सबनीस. निवृत्त झालेले, केस पिकलेले, पायजमा-सदऱ्यात. गाडीला गंज चढला होता.

"हुबळी-धारवाडात तुझ्यासारखा हात नाही, जोतिबा," ते म्हणाले. "मागचं सोडून दे आता. वय झालं."

जोतिबाने स्कूटरभोवती एक फेरी मारली, गंजावरून बोट फिरवलं. "आठ दिवसांनी या," तो म्हणाला. 

आठ दिवसांनी सबनीस आले तेव्हा स्कूटर आरशासारखी चमकत होती. त्यांनी किल्ली घेतली, पण गाडीवर बसेनात. मडगार्डवर बोट दाबून पाहिलं. वाकून खालून पाहिलं. मग जोतिबाकडे पाहिलं.

"पक्का आहे ना रे?"

जोतिबा फडक्याने हात पुसत होता. "बघा की," तो म्हणाला, "उन्हाळ्यात."

पुढे कोणीतरी सांगत आलं, की माळमड्डीत सबनीससाहेब रोज सकाळी चष्मा लावून स्कूटर तपासतात, उन्हात उभी करत नाहीत, नातवाला हातही लावू देत नाहीत. जोतिबाने हे घरी सांगितलं. नागुबाई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"खरं सांगा. तेल घातलासा?"

"छ्या. पत्र्यात तेल मुरतंय व्हय? एकदम पक्का रंग. धा वर्षं जाईल."

"मग सांगून टाका की त्यांना. बिचारा म्हातारा माणूस."

जोतिबाने तिच्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तो कधी सांगायला गेला नाही, आणि तिने परत कधी म्हटलं नाही.